अक्कांच्या फोनवर आलेला भाऊंचा निरोप

धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे तासिका तत्त्वावर भूगोल शिकवला. चाळिशी ओलांडल्यावर प्रोग्रामिंग शिकले आणि जळगावातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कार्यालयात रुजू झाले. तेथील प्रमुख वयाने माझ्याहून बरेच लहान. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर म्हणे, आणि दोघेही एकमेकांना थोडे बिचकून असू.

रावेरकडच्या केळी उत्पादकांच्या एका गटासाठी आम्ही संकेतस्थळ केले होते. शेतकऱ्याने लॉगिन केले की त्याच्या कटाईची पाळी आणि गाडीची वेळ त्याला दिसे. गटाने एकच हट्ट धरला होता: ‘प्रिय ग्राहक’ नको, आमच्यात असे कोणी कोणाला हाक मारत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच प्रत्येक जण आपले संबोधन निवडी: नाना, आबा, भाऊ, अक्का. पानाच्या माथ्यावर तेवढेच येई. स्वतःच्या पानावर स्वतःचे नाव कशाला, असा आमचा विचार.

पान उघडून पाहणारे मात्र थोडेच निघाले. तेव्हा गटाने सुचवले की याच पानाचे चित्र करून आदल्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवावे. ते काम माझ्याकडे आले.

एरवी वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार सांगाड्यात, कोणीतरी पान मागते. मग कंट्रोलर नावाचा कोडचा भाग ती मागणी ऐकतो, पानाचे टेम्पलेट, म्हणजे कोरा साचा, उचलतो आणि त्यात माहिती भरून ते पाठवतो. येथे मागणारे कोणी नव्हते. संध्याकाळी आपोआप चालणाऱ्या कामातून, कंट्रोलरच्या बाहेर, तेच टेम्पलेट भरायचे होते. फ्रेमवर्कमध्ये तशी सोय आहे हे वाचून मी हरखले. प्रत्यक्षात टेम्पलेट पहिल्याच ओळीवर अडले. लॉगिन कोणी केले आहे, असे ते विचारत होते, आणि लॉगिन तर कोणीच केले नव्हते.

“आपलं चाचणीचं खातं द्या ना त्याला, मॅडम,” सर म्हणाले. “खाली पाळी तर ज्याची त्याचीच येतेय.”

तसे केले. आम्ही दोघांनी पाळी तपासली, गाडीची वेळ तपासली. चाचणीच्या खात्याचे संबोधन ‘भाऊ’ होते, याकडे दोघांचेही लक्ष गेले नाही. निरोप गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कटाईच्या टोळीच्या मुकादमांचा फोन आला. “मॅडम, बागेच्या फाटकाले कुलूप हाये. मानूस नाही कोनी. आम्ही जातो मंग दुसरीकडे.”

बाग एका वयस्क बाईंची होती; नोंदणीत त्यांनी ‘अक्का’ हे संबोधन निवडले होते. माल हिरवा असतानाच दूर उत्तरेला निघायला हवा. पाळी हुकली तर पुढची येईपर्यंत घड झाडावरच पिकले असते आणि गाडीने ते घेतले नसते. त्यांचे वर्षाचे पीक होते. सर बाहेरगावी गेले होते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे मी एरवी टाळते, पण आता इलाज नव्हता.

“थोडं थांबाल का?” मी मुकादमांना विचारले.

“चहा होईस्तोवर थांबतो.”

मी बाईंना फोन लावला. “अक्का, मी जळगावहून बोलतेय, कटाईचे निरोप आम्ही पाठवतो. काल तुम्हाला आला ना?”

“आला व माय. पन तो दिराचा होता.”

“दिरांचा कसा?”

“भाऊ लिहेल होतं ना त्याच्यात! मी काय भाऊ हाये? त्याचे निरोप माह्याच फोनवर येता. पुढे वाचलंच नाही. तो गेला गावाले, आज आल्यावर दाखवीन म्हटलं.”

“अक्का, तो तुमचाच होता. टोळी तुमच्या बागेपाशी उभी आहे.”

फोन तसाच ठेवून त्यांनी घरात कोणाला तरी मोठ्याने हाक मारली, “अवं किल्ली दे, किल्ली! फाटकाची!”

मी मुकादमांना कळवले, अक्का निघाल्या. “बरं,” ते म्हणाले, “मंग अजून एक चहा घेतो.”

दुपारपर्यंत मी टेम्पलेट बदलले. लॉगिन कोणाचे, हा प्रश्न त्यातून काढून टाकला. ज्या व्यक्तीसाठी ते भरायचे, ती व्यक्ती आता त्याला बाहेरून द्यावी लागते; दिली नाही, तर निरोप निघतच नाही. सरांना फोनवर हे सांगताना त्यांना वाईट वाटेल म्हणून मी शब्द शोधत होते. “मॅडम,” ते मध्येच म्हणाले, “आधी सांगा, बाईंचा माल गेला का?”

ते मला अजून ठाऊक नव्हते. चारच्या सुमारास अक्कांचाच फोन आला.

“गाडी भरली व. हिरवागार माल गेला सारा.” त्यांना धाप लागली होती. “आन ऐक, उद्या पाळी दिराची हाये. त्याले अक्का नको म्हनू हं! रुसून बसीन तो, बागेत जायचा नाही.”

तसे होणार नाही, असे मी त्यांना सांगितले. आणि संध्याकाळचे निरोप निघण्याआधी दिरांच्या निरोपाचे चित्र उघडून दोनदा वाचले.