पोटदुखीवर मी दिलेले तीन रेच

डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या पोटावर, उजव्या बाजूला खाली, दोन बोटे टेकवली. ती ओरडली. त्यांनी हात काढून घेतला आणि मला विचारले, "मास्तर, रेच दिला होतात?"

"थोडं एरंडेल," मी म्हणालो.

हे खोटे होते.

"अपेंडिक्स फुटलंय," ते म्हणाले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक बंद नळी असते, तिला अपेंडिक्स म्हणतात, हे मला महाडच्या त्या दवाखान्यात प्रथम कळले.

मी उमरठच्या शाळेत मास्तर. आमच्याकडे नवे भात खाण्याआधी घरोघर पोट साफ करून घेतात. रेच मागायला लोक माझ्याकडे येत. म्हाताऱ्यांना एरंडेल, बायकांना सोनामुखीचा काढा, धडधाकट गड्याला विलायती मीठ. ही निवड मी करी आणि तिचा मला अभिमान होता.

म्हणून पत्नीचे पोट बेंबीपाशी दुखू लागले तेव्हा मला एकच प्रश्न पडला, यांतले कोणते? सकाळी काढा दिला, तो तिने ओकून टाकला. संध्याकाळी एरंडेल दिले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे सरकले होते आणि अंगात ताप होता.

"अवो, आता नको. पोटात इंगळ पडल्यागत झालंय," ती म्हणाली.

"कोठा जड आहे तुझा. तेलानं भागायचं नाही," असे म्हणून मी विलायती मिठाच्या पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला.

दुपारी कळ एकदम थांबली. रेच लागू पडला असे समजून मी शाळेत गेलो. परत आलो तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती आणि पोट पाटासारखे कडक झाले होते. डोलीतून पोलादपूर, तिथून मोटारीने महाड.

पू पोटात खाली उतरावा म्हणून डॉक्टरांनी तिला उशांना टेकवून बसते ठेवले. तोंडाने काही द्यायचे नव्हते, फक्त ओठ ओले करायचे. "पू एका जागी कोंडला तर काढता येईल. पसरला तर..." मी ओसरीवर बसून राही. आत जराशी खाट करकरली तरी उठून दाराशी जाई.

तिसऱ्या दिवशी नाडी फार जलद झाली. डॉक्टरांनी तिलाच विचारले, "बाई, खरं सांगा. एवढंसं एरंडेलच घेतलंत?"

तिने माझ्याकडे पाहिले. "व्हय. ते तर नायच म्हणत व्हते. मीच मागून घेतलं."

मग मला राहवले नाही. तिन्ही रेच, त्यांच्या वेळा, तिने नको म्हटले तेही मी सांगितले.

डॉक्टर म्हणाले, "हे आल्या आल्या सांगायचं होतंत. पोट दुखत असताना कोणता रेच बरा, हे ठरवायचंच नसतं, मास्तर. रेचानं आतडं जोरानं हलतं, आणि सुजलेलं असेल ते फुटतं. फुटलं की कळ थोडा वेळ थांबते, ती ही."

ते गेल्यावर ती म्हणाली, "सांगितलंत ना? मग तोंड असं पाडून बसू नका. मला भ्या वाटतं."

सहाव्या दिवशी पोटात गाठ हाताला लागली. ॲबसेस, म्हणजे आत कोंडलेला पू. क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी तो काढला आणि जखमेत रबरी नळी ठेवली. ती नळी पुढे बरेच दिवस वाहत होती. ताप मात्र दुसऱ्याच दिवशी उतरला. डॉक्टरांचे हे उपकार फिटणारे नाहीत.

वाचणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. पोट दुखून ओकारी आली, ताप आला, तर घरातले काही देऊ नका. माणसाला उचलून डॉक्टरकडे न्या, आणि काय दिले ते लपवू नका.

पत्नी आता बरी आहे, कामे करते. मी पाणी नेऊन दिले की ती आधी भांड्यात निरखून पाहते आणि मग पिते. ती पिईपर्यंत मी तिथेच उभा राहतो.