कंडक्टरबाईंच्या तारा

"सांगू नका ताई, करून दाखवा."

हे वाक्य त्या कंडक्टरबाईंनी मला तारा बसल्या त्याच दिवशी ऐकवलं.

मी वडगाव मावळला दातांच्या एका दवाखान्यात मदतनीस आहे. तारा बसवून खुर्चीतून उतरलेल्या माणसाला पुढे काय करायचं आणि काय टाळायचं, हे समजावून सांगणं माझ्याकडे असतं. त्या येईपर्यंत पंधरा वर्षं मी एकच पाठ म्हणत आले होते. कडक खाऊ नका, चिकट खाऊ नका, काहीही खाल्लं की ब्रश करा, गावाला जाताना ब्रशची डबी विसरू नका. समोरचा माणूस मान हलवतो आणि पुढच्या महिन्यात तारेत अडकलेली मेथी घेऊन हजर होतो. तुम्हीही कधी तारा लावल्या असतील तर राग मानू नका, पण त्या हलणाऱ्या माना मला चांगल्या ओळखीच्या आहेत.

या बाई लोणावळ्याच्या गाडीवर कंडक्टर होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, घरी सून आणि दोन नाती. दुपारची फेरी संपवून खाकी गणवेशातच त्या दवाखान्यात आल्या. त्यांचे वरचे दात पुढे फाकले होते आणि खालचे दात वरच्या टाळूत रुतत होते. हिरड्या सुजलेल्या, दोन दात हलायला लागलेले. घास चावला की कळ जायची, म्हणून कितीतरी वर्षं त्या भाकरी कालवणात भिजवूनच खात होत्या. आधी एका ठिकाणी त्यांना सगळे दात काढून कवळी बसवायचा सल्ला मिळाला होता.

"मी दात काढाया न्हाई आले," त्या आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाल्या. "ह्येच दात सरळ करा. न्हाई जमलं तर तसं सांगा."

मॅडमनी दातांचा एक्स-रे पाहिला, पुन्हा तोंडात पाहिलं. मग स्पष्टच बोलल्या. हिरड्या सुजलेल्या असताना तारेने दात ओढले तर उरलंसुरलं हाडही झिजतं. आधी तीन महिने हिरड्यांचे उपचार, मग तारा. तारा लागल्यावर दर महिन्याला तपासणी, आणि एकदा जरी हिरड्या सुजलेल्या दिसल्या तर तारा उतरवायच्या.

"तुम्ही दिवसभर गाडीत असता. खाणं कुठे, पाणी कुठे. हे जमणं अवघड आहे मावशी."

"गाडी माझी, त्वांड बी माझंच," त्या म्हणाल्या. "जमवते."

तीन महिन्यांनी तारा बसल्या आणि मी माझा पाठ सुरू केला. तेव्हाच त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं. मी प्लास्टरच्या दातांवर ब्रश फिरवून दाखवला. त्यांचं समाधान होईना.

"त्ये दात मेल्याले हायेत. तुमी बसा खुर्चीत."

दवाखान्यात त्या वेळी गर्दी नव्हती, म्हणून मी हसत बसले. त्यांनी नव्या ब्रशचं पाकीट फोडलं आणि मी सांगेन तसा तो माझ्याच दातांवर फिरवला. हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, हळू फिरवायचा, एकेक दात घ्यायचा. मध्येच त्या थांबल्या आणि आरसा माझ्यासमोर धरला.

"ताई, तुमच्याच हिरडीतनं रगत येतंय की!"

खरंच येत होतं. पंधरा वर्षं लोकांना शिकवणाऱ्या माझ्या हिरड्यांतून. त्या हसल्या नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. फक्त पुढच्या महिन्यात आल्यावर आधी माझं तोंड उघडायला लावलं आणि मगच स्वतः खुर्चीत बसल्या.

या वयात तारा म्हटल्यावर डेपोत थट्टा व्हायचीच. "मावशी, पुन्हा बोहल्यावर चढताय का?" असं कुणी म्हणालं की त्यांचं उत्तर तयार असे, "गाडीला म्होरं बंपर लागतो, मग मला का नगं?" विचारणाराच हसत निघून जायचा.

माझी बहीण लोणावळ्याजवळ वलवणला राहते. एका रविवारी तिच्याकडे जाताना मला नेमकी त्यांचीच गाडी मिळाली. लोणावळ्याच्या स्टँडवर परतीच्या फेरीआधी थोडा वेळ गाडी थांबते. मी उतरले, पण निघाले नाही. खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी वरणात कुस्करलेला भात खाल्ला. मग खांद्याच्या पिशवीतून साबणाची एक डबी काढली. आत ब्रश, तारेखालून जाणारा इवलासा काटेरी ब्रश, तार टोचली तर तिच्यावर लावायच्या मेणाची चपटी डबी, मिठाची पुडी आणि दोरी बांधलेला आरसा. आरसा त्यांनी दाराजवळच्या खिडकीच्या गजाला अडकवला. पाण्याची बाटली घेऊन मागच्या दारात बसल्या आणि एकेक दात घ्यायला लागल्या. वरून, खालून, तारेच्या आतून. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, एक माकड टपावर धावत होतं, कुणीतरी खिडकीवर थाप मारून "पुण्याला जाणार का?" विचारत होतं. त्यांनी डाव्या हाताने "थांबा" अशी खूण केली, पण आरशातून नजर काढली नाही. आपल्या जागेवर बसलेले ड्रायव्हर भाऊ मला म्हणाले, "त्यांचं झाल्याबिगर म्या गाडीला हात लावत न्हाई. वरच्या सायबानं इचारलं तरी त्येच सांगीन."

मी देवळात अनेकदा गेले आहे, पूजा करणारी माणसं पाहिली आहेत. इतकं एकाग्र झालेलं माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलं असेल.

परत निघताना गाडी पर्यटकांनी भरली. लोणावळ्याहून निघालेल्या माणसाच्या हातात चिक्की असतेच, आणि सुटे पैसे घेताना एखादा तरी कंडक्टरला तुकडा देऊ करतोच. त्या तो नाकारत नसत. रुमालात बांधून ठेवत. "नातींना व्हईल," म्हणत. चिक्कीचा खमंग वास येणाऱ्या गाडीत अडीच वर्षं हिंडून या बाईने तिचा एक कण दाताला लावला नाही. आमच्याकडे बंगल्यांतली मुलं यायची, ज्यांच्या दातावरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारं बटण, दर महिन्याला तुटलेलं असे. यांचं एकही तुटलं नव्हतं.

तुटलं ते गणपतीच्या दिवसांत. कोकणासाठी जादा गाड्या सुटतात, त्यात आठवडाभराची ड्युटी त्यांना लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"ताई, घाटात बिरेक लागला. त्वांड दांड्यावर आपटलं. मागल्या दाढंचं बटण सुटलंय, तार गालात शिरतीया."

"मेण लावा मावशी. डबीत आहे ना?"

"संपलं. काल गाडीत एक कालिजातली पोरगी रडत व्हती, तिची बी तार टोचत व्हती. तिला दिलं सगळं."

मी फोन मॅडमच्या कानाला लावला. मॅडमनी विचारलं, मध्येच परत येता येईल का. नाही, गाड्या भरलेल्या होत्या, बदली माणूस नव्हता. जवळच्या गावात दातांचा डॉक्टर? सणामुळे दवाखाना बंद. मग मॅडमनी सांगितलं: तार कापायला जाऊ नका. गाल आणि तार यांच्यामध्ये स्वच्छ ओला कापूस ठेवा, दर थोड्या वेळाने बदला. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. मऊ खा, आणि दुखतंय म्हणून त्या बाजूचा ब्रश सोडू नका.

"सुजलं तर?" त्यांनी विचारलं.

"हिरडी सुजली तर आपलं ठरलेलं आहे मावशी."

"व्हय. ठरल्यालं हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते दिवस मला कठीण गेले. जखम असलेल्या गालाजवळ ब्रश न्यायचा म्हणजे काय असतं, ते मी रोज बघते. धडधाकट माणसं एका फोडासाठी चार दिवस ब्रश बाजूला ठेवतात. त्यात अनोळखी गाव, धावती गाडी आणि दिवसभर ओरडून थांबे सांगायचे. अडीच वर्षांचं सगळं तिथे वाहून जाणार, असं मी गृहीत धरून टाकलं होतं.

ड्युटी संपताच घरी न जाता त्या थेट दवाखान्यात आल्या. गणवेश चुरगळलेला, डोळे खोल गेलेले. खुर्चीत बसून त्यांनी तोंड उघडलं. गालाच्या आत लालभडक जखम होती. मॅडमनी आरसा आत घातला, दिवा जवळ ओढला. एकेक दात बघत गेल्या. मी ट्रे धरून मागे उभी होते.

मॅडमनी आरसा खाली ठेवला. "ये, तू बघ," मला म्हणाल्या.

मी वाकले. जखमेच्या अगदी शेजारची हिरडी गुलाबी, घट्ट. तारेखाली कण नाही, कुठे सूज नाही.

"कसं केलंत हे?" मॅडमचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"गाडी थांबली की जवळच्या घरात जायचे. म्हनायचे, बाई, मूठभर मीठ आन् ऊन पाणी द्या. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. एका आज्जीनं तर मला रोजच्याला पेज करून ठिवली. दुखायचं लय. डोळ्यातनं पाणी यायचं ब्रश करताना. पर मी म्हनलं, रडत रडत बी घासता येतं की."

मग जरा ओशाळून म्हणाल्या, "दोन उकडीचं मोदक खाल्लं मॅडम. मऊ व्हतं. तळलेल्याला न्हाई शिवले."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. पेशंट खुर्चीत असताना असा वेळ घालवणं त्यांच्या स्वभावात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तारा निघाल्या. खालच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवली, वरच्यासाठी झोपताना लावायचं पारदर्शक कव्हर दिलं. त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं, ओठ मिटले, पुन्हा उघडले. जाताना फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, पिकल्याला पेरू म्होरल्या दातांनी खाल्ला तर चालंल?"

"महिन्याभराने. हळू खा."

आता त्या गाडीवर त्या नसतात. मुदतीआधीच निवृत्त होऊन पवना धरणाकडच्या आपल्या वाडीत राहायला गेल्या. तिथे फोन लागतो न लागतो. लोणावळ्याची गाडी दिसली की मी अजून आत डोकावते, आणि खुर्चीत कुणी नवं बसलं की माझा पाठ पूर्वीसारखा म्हणून टाकत नाही. स्वतः ब्रश हातात घेते.

तारा निघाल्यावर बरोबर महिन्याने त्या एकदा आल्या होत्या. तपासणी नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून एक पिवळा पेरू काढला आणि माझ्यादेखत समोरच्या दातांनी त्याचा घास घेतला. सावकाश चावला, गिळला. मग उरलेला पेरू माझ्यापुढे धरला. त्यावर दातांची खूण उमटली होती, एका रेषेत, कुठेही न मोडलेली.

"मला जलमात पहिल्यांदा आसं खाता आलं," त्या म्हणाल्या. "घ्या, तुमी बी खावा."

मी तो पेरू हातात धरून बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिले. ती खूण मोडायचं धाडस होईना.