बिभीषणचं मास ट्रान्सफर

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत गच्चीवरच्या खोलीत बिभीषण राहायला आला, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, पोरगं मुकं आहे. माझी बसायची जागा गल्लीला ठाऊक आहे. पहिल्या मजल्यावर जिना वळतो तिथं माझं स्टूल, पुढ्यात निवडायला मेथी नाहीतर सोलायला शेंगा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. काहीतरी बातमी दिल्याशिवाय माझ्यासमोरून वर जाणं अजून कुणाला जमलं नव्हतं. बिभीषणला जमलं. बॅग छातीशी धरून, भिंतीला घासत, मान खाली घालून तो असा निसटायचा, की जणू मी जकात नाका आहे आणि बॅगेत चोरीचा माल.

शेवटी एकदा मीच पाय आडवा घातला.

"काय शिकतोस रे?"

"केमिकल."

"केमिकल म्हणजे? साबण का खत?"

"इंजिनिअरिंग," तो म्हणाला, आणि इतकं बोलून दमल्यासारखा पुढं महिनाभर गप्प.

मग बाकीची माहिती लक्ष्मीबाईंकडून काढावी लागली. लक्ष्मीबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. फुलंब्रीकडं शेती, इथं ही इमारत, आणि दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या. गुडघे दुखतात, पण आवाज ठणठणीत. त्यांनी सांगितलं, पोरगं कन्नडच्या पलीकडचं, बाप केरबा मेंढरं राखतो, घरातून कॉलेजात गेलेलं हे पहिलंच. खोली देताना लक्ष्मीबाईंनी एकच अट घातली होती. नळ येईल त्या दिवशी त्यांचं पाणी वर आणून द्यायचं.

आमच्याकडं नळाचा दिवस म्हणजे सण, फक्त त्याची तिथी कुणाला माहीत नसते. नळाला दाब नाही, त्यामुळं पाणी खालच्या हौदात पडतं आणि मोटार ते वर चढवते. पण नळ आला की लाईट जाते, हे ठरलेलं. मग हंडे, कळश्या, बादल्या, कॅन घेऊन अख्खी इमारत त्या एका अरुंद जिन्यात. बिभीषण गुपचूप लक्ष्मीबाईंचे हंडे चढवायचा. त्यात त्याला बोलावं लागत नसे, म्हणून तो खूष असावा.

एकदा केरबा लेकाला भेटायला आले. घामाघूम होऊन माझ्या वळणावर टेकले, पाणी प्यायले आणि न विचारताच बोलायला लागले. ही सवय लेकानं का घेतली नाही कोण जाणे.

"पोरगं बोलतंय का हितं?"

"तुमचं पोरगं बोलतं?" मी विचारलं.

"आवं बाई, रानात असला की त्याची हाळी दोन शिवारं ऐकू जायची. अख्खा कळप जागच्या जागी उभा राहायचा. शेरात आला आन् आवाज गावाकडंच राह्यला त्याचा."

मी हसले. पण त्याच आठवड्यात कळलं, की हसण्यासारखं काही नव्हतं.

बिभीषण तिसऱ्या वर्षाला होता. मास ट्रान्सफर नावाचा एक विषय असतो त्यांना. लेखी पेपर त्यानं झोकात काढला होता, पण तोंडी परीक्षेत नापास. बाहेरून आलेल्या सरांनी प्रश्न विचारले आणि ह्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, ते म्हणजे मौन. आता फेरपरीक्षा होती. त्यात राहिला तर शेवटच्या वर्षात प्रवेश नाही.

"मग पुढच्या वर्षी देशील," मी म्हणाले.

"वर्ष गेलं तर गावाकडं जातो, काकू. पुन्हा येणार नाय." हे त्यानं इतकं सरळ सांगितलं, की मला पुढं गंमत सुचेना. मला गंमत सुचेना म्हणजे प्रकरण गंभीर.

लक्ष्मीबाईंना सांगितलं तर त्या कडाडल्या, "आन् माझं पाणी कोण भरंल?" त्यांना पाण्याचीच काळजी होती असं ज्याला वाटेल, त्यानं खुशाल वाटून घ्यावं. रोज संध्याकाळी त्या पोराला कालवणाची वाटी जायची, ती मी बघत होते.

आम्ही दोघींनी मिळून माझ्या घरात त्याची तोंडी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी आमच्या ह्यांचा चष्मा लावून बाहेरचे सर झाले, लक्ष्मीबाई आतल्या बाई. पुस्तक माझ्या हातात उलटं नव्हतं, एवढंच माझं शिक्षण. मी धड्याचं नाव वाचून विचारलं की तो छताकडं बघून फाडफाड इंग्रजी सुरू करायचा, मध्येच एखादा शब्द निसटला की थांबायचा, तो थांबायचाच.

"रं, पंख्याला काय सांगतो?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पंख्याला पास करायचंय का तुला?"

"इंग्रजी राहू दे," मी म्हणाले. "आम्हाला कळंल असं सांग. टॉवर, टॉवर म्हणतोस ते काय असतं?"

त्यानं छताकडची नजर खाली आणली. मग हळूच म्हणाला, "उंच नळकांडं असतंय, काकू. वरून पाणी सोडायचं, खालून वायू. वायूत अमोनिया मिसळलेला असतोय. पाणी खाली येतंय, वायू वर जातोय. दोघं वाटंत भेटतात, आन् वायूतला अमोनिया पाण्यात जातोय. हेच मास ट्रान्सफर."

"भेटतात म्हणजे? निघून नाही का जाणार एकमेकांच्या शेजारून?"

"म्हणून मधी रिंगा भरतात. त्याला पॅकिंग म्हणायचं. ते जागचं हलत नाय, पण त्याच्यामुळं दोघांना थांबत थांबत जावं लागतंय. मग देवाणघेवाण चांगली होती."

"आणि खालून वायू जास्त सोडला तर?"

"पाण्याला खाली यायला वाटच राहत नाय. सगळा टॉवर तुंबतोय. फ्लडिंग. मग खालचा जोर कमी करायचा."

"हा तर आपला जिना झाला," मी म्हणाले.

बिभीषणनं दारातून जिन्याकडं पाहिलं. मग माझ्या स्टुलाकडं पाहिलं. मग कानापर्यंत लाल होऊन माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि वर पळाला. काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नळ आला. लाईट अर्थातच गेली. आम्ही त्या दिवशी बिभीषणवर फार उपकार केले. लक्ष्मीबाईंनी त्याला निरोप दिला, "आज हंड्याला हात लावायचा नाय, शर्टाची इस्त्री मोडंल," आणि स्वतः कळशी घेऊन निघाल्या. दर पायरीला एक गुडघा, एक श्वास आणि एक शिवी. मी वळणावर दही-साखरेची वाटी घेऊन उभी राहिले, म्हणजे पोराला जाताना हातावर देता येईल. आम्हा दोन वाढीव बायकांनी जिना असा बंद झाला, की वरची कळशी खाली येईना, खालचा हंडा वर जाईना.

"अरे भाई, पहले ऊपरवालों को उतरने दो," खालून एक जण.

"आणि आम्ही भरला हंडा घेऊन उभं राहायचं व्हय?" दुसरी.

"मग रिकामी कळशी घेऊन आम्ही काय उडत यायचं?"

मागं सरायला कुणी तयार नव्हतं, कारण मागं सरला त्याचा नंबर गेला. सगळ्यात वर बिभीषण, पांढऱ्या शर्टात, हातात फाईल. तो दोनदा म्हणाला, "जरा जाऊ द्या." त्याच्या शेजारच्या भिंतीलासुद्धा ते ऐकू गेलं नसावं. त्यानं घड्याळ पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटलं, गेलं पोरगं कन्नडला.

मग त्यानं हाळी दिली.

मी इतकी वर्षं ह्या जिन्यात आहे, इथं भांडणं झाली, वराती गेल्या, पण असा आवाज त्या भिंतींनी कधी ऐकला नसेल. गच्चीवरची कबुतरं उडाली. सगळी इमारत जागच्या जागी उभी. आणि त्या शांततेत पोरगं हुकूम सोडू लागलं, "खालून कुणी चढू नका. भरले हंडे भिंतीला टेकवा. आधी रिकामे उतरतील. आजी, तुमी तिथंच बसा."

लक्ष्मीबाई बसल्या. कुणाच्या सांगण्यावरून त्या बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. रिकामे उतरले, वाट झाली, बिभीषण दोन दोन पायऱ्या टाकत खाली आला, माझ्या हातचं दही खाल्लं आणि गेला. मला एकही प्रश्न विचारता आला नाही.

दुपारी तो परतला आणि भिंतीला न चिकटता सरळ माझ्या स्टुलाखालच्या पायरीवर बसला. लक्ष्मीबाई वरून कठड्यावर वाकल्या.

"उशीर झाला का रं?"

"झाला. सरांनी विचारलं, का उशीर? मी म्हणलं, सर, फ्लडिंग. ते म्हणले, कुठं? म्हणलं, जिन्यात. त्यांना वाटलं चेष्टा करतोय. म्हणले, मग समजावून सांग. मी सगळं सांगितलं. वरून येणारे, खालून जाणारे, कसं तुंबलं, खालचा जोर कसा थांबवला. पंख्याकडं नाय बघितलं, आजी."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, तुझ्या जिन्यात मास ट्रान्सफर कशाचं होतं? मी म्हणलं, बातम्यांचं. नळावरून भरून येणाऱ्यांजवळ असतात, वरून येणारे घेऊन जातात. मग त्यांनी पॅकिंग विचारलं."

"काय सांगितलंस?" मी म्हणाले.

तो मेथीच्या जुडीकडं बघत राहिला. "म्हणलं, वळणावर आमच्या एक काकू बसतात."

लक्ष्मीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मला चांगलं वाटत असूनही मी तोंड वाकडं केलं.

"सर काय म्हणाले?"

"हसले. म्हणले, जा, झालास पास. आन् काकूंना सांग, पॅकिंग कडेला सरकलं तर पाणी भिंतीनं निसटून जातंय. मधोमध पाहिजे."

बिभीषण आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि इतका बोलतो की मला मेथी निवडायला फुरसत मिळत नाही. नळाच्या दिवशी जिना तोच चालवतो. मी मात्र त्या परीक्षेच्या संध्याकाळीच स्टूल भिंतीपासून हातभर पुढं ओढून घेतलं. सरांनीच सांगितलंय म्हटल्यावर काय करणार.