आधी सांधे, मग सिग्नल

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणायचे. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायची, स्टुलावर चढून टांगूनही द्यायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाला. कामावरून आला की हात धुऊन तडक मागच्या खोलीत. तिथे प्लायवूडच्या टेबलावर त्याने छोटी आगगाडी मांडली होती: रूळ, बोगदा, स्टेशन, फाटक, मालधक्का. "सवत बरी सांभाळतेस गं," अशी थट्टा मोठी नणंद करायची. पडदेवाली हसायची. त्या टेबलासाठी तिने एकच काम केलं होतं. खालच्या तारांचं जंजाळ झाकायला चहूबाजूंनी हिरवी झालर शिवून दिली होती.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दोनच शब्द उरले, "हो" आणि "नको". त्यातलाही "हो" क्वचित.

ती रडली नाही. हॉस्पिटलमधून आली आणि राहिलेली शिलाई घेऊन बसली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! बधिर बोटात सुई घुसली तरी रक्त दिसेपर्यंत कळू नये, तशी तिची गत झाली होती.

तो घरी आला तशी नणंद म्हणाली, "ते टेबल काढून टाक. त्या खोलीत याचा पलंग टाकू. उजेड चांगला आहे."

"काढते," ती म्हणाली. काढायला तिची काही हरकतही नव्हती. तारा सोडवायला म्हणून ती झालर वर करून टेबलाखाली शिरली आणि तिथेच मांडी घालून बसली. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते त्या प्रत्येक सांध्याखाली नवी मोटर बसवलेली होती. शेजारी डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचा हुकूम मोटरीला पोचवणाऱ्या हिरव्या पट्ट्याही स्क्रूने पक्क्या केलेल्या होत्या. जोडणी मात्र अर्धवट. वरती अजून जुने खटकेच होते आणि ते टेबलभर पसरलेले. खुर्चीत बसून एकट्या डाव्या हाताने ते गाठणं त्याला जमणार नव्हतं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "ताई, पलंग सध्या पुढच्याच खोलीत राहू द्या."

"का गं?"

"गाडी एका बटणावर चालवता येते का ते बघते."

आगगाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने तिला काउंटरवरच धडा दिला. "प्रत्येक सांध्याला स्वतःचा नंबर द्यायचा. डिकोडरवरचं बारीक बटण दाबा, दिवा लुकलुकला की हातातल्या कंट्रोलरवरून नंबर पाठवा. तो तेवढ्याच हाकेला ओ देतो. मग रूट बनवायचा. म्हणजे एक बटण दाबलं की वाटेतले सगळे सांधे आपापल्या जागी वळतात आणि शेवटी सिग्नल हिरवा होतो. पण आधी सांधे, मग सिग्नल. उलटं करू नका."

ती रोज दुपारी, त्याला भरवून झालं की, टेबलाखाली शिरू लागली. दोरा ओवायची सवय असल्यामुळे तारा ओवणं तिला जड गेलं नाही. तो दाराशी खुर्चीत असायचा. कधी बघायचा, कधी खिडकीकडे तोंड करायचा.

पहिला रूट मालधक्क्यावरून स्टेशनात येण्याचा. तिने बटण दाबलं; खट्, खट्, सिग्नल हिरवा. इंजिन निघालं ते थेट उलट्या फाट्यावर, तिथल्या डब्याला ढकलत टेबलाच्या काठावरून खाली. एका सांध्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. कंट्रोलर त्याला सरळ समजत होता आणि तो होता वळलेला. तिने डबा उचलला. जोडाचा आकडा तुटला होता. वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटलं नाही. तिने तारा बदलल्या.

तरी एक सांधा अर्ध्यातच अडकायचा. ती पुन्हा दुकानात गेली.

"सगळ्या मोटरींना एकदम खेचलंत की करंट पुरत नाही," दुकानदार म्हणाला. "मध्ये जरा दम घेऊ द्या त्यांना." तिने प्रत्येक सांध्यानंतर छोटा विराम घातला. आता ते एकामागून एक वळू लागले आणि शेवटी सिग्नल बदलू लागला.

सगळं नीट चालायला लागल्यावर तिने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला. "अहो, हे दाबा. डाव्या हाताने."

त्याने दाबलं. सांधे वळले, सिग्नल हिरवा झाला, मालगाडी धक्का सोडून बोगद्यात गेली आणि वळसा घालून स्टेशनात थांबली. त्याने ती थांबेपर्यंत पाहिली.

"परत?" तिने विचारलं.

"नको."

दुसऱ्या दिवशीही नको. त्यानंतर तर त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवूही दिला नाही; डाव्या हाताने बाजूला सारला. चिडून नव्हे, पोट भरल्यावर ताट सारावं तसा.

नणंदेला कळलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "एवढा जीव काढलास. आता तरी विकूया?"

"नको, ताई."

"मग ठेवायचं कुणासाठी?"

पडदेवाली उठून चहा करायला गेली.

पलंग पुढच्या खोलीतच राहिला. दुपारी तो तिथे झोपतो आणि ती मागच्या खोलीचं दार उघडं ठेवून टेबलाशी बसते. स्टेशनात दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून, एक रूट लागला की दुसऱ्याचा सिग्नल आपोआप लाल व्हावा, एवढं तिने जमवलं आहे. परवा ती नवा डिकोडर आणायला गेली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "साहेबांना मजा येते ना?"

"त्यांना नाही आवडत आता."

"आणि तुम्हाला?"

तिने खरंच थोडा विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "फाटकाचा सिग्नल राहिलाय. हा त्याला चालेल ना?"