पुस्तक जिथं उघडतं

नांदेडला पॅथॉलॉजी शिकत होते तेव्हा स्तनाच्या गाठींवरचं पुस्तक घ्यायला जुन्या-नव्या पुस्तकांच्या दुकानात गेले, आणि नव्याकोऱ्या, रंगीत फोटोंच्या पुस्तकावर भाळलेच. दुकानवाल्या काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, ते पुस्तक बांधणीच्या कडेवर उभं धरलं आणि दोन्ही हात सोडले. पुस्तक मिटलेलंच आडवं झालं. मग त्यांनी एक जुनं, मळकं पुस्तक तसंच सोडलं. ते मधोमध उघडलं.

"मला यातलं एक अक्षर कळत न्हाई मॅडम. पर डॉक्टर लोक जिथं अडत्यात, तिथंच हे उघडतंय. नवं परीक्षेला घ्या, हे बायांसाठी घ्या."

मला इतकं हसू आलं की मी दोन्ही घेतली!

आता मी लातूरला रिपोर्ट देते. परवा एका बाईच्या गाठीची स्लाइड बघताना मी अडले. सगळं कॅन्सरसारखंच दिसत होतं. जुनं पुस्तक टेबलावर टेकवलं तर तेच पान उघडलं: कॅन्सरचं सोंग घेणारी साधी गाठ! पेशींना खास रंग देऊन पुन्हा तपासलं. साधीच निघाली. मी लॅबमध्ये अशी गिरकी घेतली की कपातला चहा त्याच पानावर सांडला.

रविवारी तडक नांदेड गाठलं आणि धापा टाकत काकूंना सगळं सांगितलं. चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

"पानावर डाग पडला का?"

"केवढा मोठा!"

"मंग लई बेस झालं. पुढच्या डॉक्टरला लवकर सापडंल."