पाठवणीसाठी थांबलेली गाडी

आमच्या गावच्या रेल्वेचं कौतुक मला कोणी सांगू नये. खामगावहून जलंबला जाणारी ती छोटी गाडी, जेमतेम आठ मैलांची वाट, मोजके डबे आणि पुढे धापा टाकणारं इंजिन. जलंबला उतरायचं आणि तिथे नागपूरची नाही तर मुंबईची मोठी गाडी धरायची, एवढ्याच कामासाठी ती होती. पण गावानं तिला घरची बैलगाडी करून टाकलं होतं, आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान.

अभिमानाची मुख्य गोष्ट पाठवणी. नवी नवरी सासरी निघाली की तिचं रडणं-भेटणं पुरं होईपर्यंत, आईनं ओटी भरून तिला डब्यात बसवेपर्यंत, गार्ड हिरवा झेंडा दाखवत नसे. श्रीमंताची लेक असो की हमालाची, हा मान सगळ्यांना सारखा. इंजिनाचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून विडी ओढत उभा राही. "मुंबई-पुण्याले होईन का असं?" म्हणून लोक छाती फुगवून पाहुण्यांना सांगत. होणार नाही, बाबांनो. तिथे लोकांना कुठेतरी पोचायचं असतं.

माझ्या ताईलाही पोचायचं होतं. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. मुलींनी शिकावं असं सांगायला पुढारी गावोगाव येत, हारतुरे घेत आणि जेवून परत जात. आमची ताई कोणी न सांगता मॅट्रिक झाली. आमच्या गल्लीत तिच्याआधी एकही मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. दवाखान्यातली नर्सबाई उन्हात छत्री उघडून एकटी रस्त्यानं चालली की बाप्ये बाजूला होत. ताईला तसं चालायचं होतं. त्या नर्सबाईनंच तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ नर्सच्या जागेसाठी अर्ज करायला लावला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. सकाळच्या आमच्या गाडीनं जलंब, तिथून नागपूरची पॅसेंजर, असं सगळं नीट बसत होतं.

आदल्या दिवशी निघावं असं ताईचं म्हणणं होतं. पण बाबा सरकी काढायच्या जिनात मुकादम होते, कापसाचे दिवस होते, मालक एका दिवसाचीच सुट्टी द्यायला तयार. "गाडी आहे नं सकाळची. घरची गाडी आहे," बाबा म्हणाले. ताईबरोबर बाबा नागपूरला जाणार होते. मी आणि आई जलंबपर्यंत पोचवायला निघालो, कारण मला गाडीत बसायचं होतं आणि आईला मला एकटं घरी ठेवायचं नव्हतं.

आम्ही डब्यात बसलो. गाडी सुटायची वेळ झाली आणि वाजंत्री ऐकू आली. कोणाची तरी लेक निघाली होती. हळदीचे हात, बाशिंगाचे झुबके, बायकांचा घोळका, सगळं फलाटावर आलं. रडणं सुरू झालं. ताईनं पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली. नवरी आईच्या गळ्यात पडली, मग मावशीच्या, मग आत्याच्या. सगळ्या बायका संपल्या तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की नवरीची शिदोरीची टोपली घरीच राहिली. नवरीचा मामा देऊळघाटचा. शिदोरी मामानंच डब्यात ठेवायची, असा त्यांच्याकडे रिवाज. तो मामा टोपली आणायला टांगा करून परत गावात गेला.

लाडू-करंज्यांच्या एका टोपलीसाठी रेल्वे थांबली होती. 

"बाबा, गार्डले सांगा नं," ताई म्हणाली. "नागपूरची गाडी हुकन."

"सांगतो," म्हणून बाबा उतरले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. बाबा गार्डाजवळ गेले. गार्ड मोठा सज्जन माणूस, गावातल्या सगळ्या पोरींचा चाचा. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "मुकादम, बेटी जा रही है किसी की. कैसे छोड दूं?" बाबांनी मान हलवली. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत बाबा त्या घोळक्यात गेले, नवरीच्या बापाचे हात हातात घेतले, टोपी काढून डोळे पुसले. आमच्या बाबांना परक्याच्या लेकीचं रडू आलं होतं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात बुंदीचा लाडू होता. "लई रडून राह्यली बिचारी," ते म्हणाले. "आता येईनच मामा. हे घे, तोंड गोड कर."

"मले नको," ताई म्हणाली.

"काऊन वं, राग आला का? कोणाची पाठवणी मोडाव का आपण? पाप लागते."

आईनंही "हाव नं" म्हणून मान डोलावली. डब्यात आणखी माणसं होती, शेगावला जाणारी, अकोल्याला कोर्टात तारीख असलेली. एकानंही उतरून गार्डाला घाई केली नाही. उलट एक म्हातारा म्हणाला की अशा वेळी घाई करणारा माणूस नाही, जनावर. ताई त्या डब्यात बसलेली होती, मॅट्रिक झालेली, धुतलेलं लुगडं नेसलेली. ती कोणाची बेटी नव्हती काय? तिच्यासाठी वाजंत्री नव्हती, म्हणून ती कोणाला दिसलीच नाही.

मामा आला. टोपली आली. ती डब्यात ठेवताना पुन्हा एकदा सगळ्या बायका रडल्या. मग गाडी सुटली.

जलंब जवळ आलं तेव्हा शेगावच्या बाजूला धूर दिसत होता. नागपूरची पॅसेंजर आमच्यासमोर निघून चालली होती. बाबा फलाटावर उतरून धावले, स्टेशनमास्तरांना हात जोडले, गाडी थांबवता येते का म्हणून विचारू लागले. बैल गेला अन् झोपा केला. मास्तर म्हणाले, "मोठी लाईन आहे ही. कोणासाठी थांबत नसते." ताई बाकावर बसली. नवरी पलीकडे मुंबईकडच्या गाडीची वाट पाहत होती, टोपली शेजारी ठेवून. तिची गाडी अजून यायची होती.

ताई आणि बाबा पुढच्या गाडीनं गेले. पोचेपर्यंत दवाखान्यातली मुलाखतीची खोली बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा भरल्याचं कळलं. पुढच्या वर्षी या म्हणाले. बाबांनी घरी आल्यावर चहा पीत सांगितलं की नशिबात नव्हतं. नशीब! टांग्यातून टोपली आणतं ते कसलं नशीब? मी तेव्हा लहान होते, पण मला तो शब्द ऐकून ताट फेकावंसं वाटलं.

पुढचं वर्ष आलंच नाही. लग्नसराई आली. नांदुऱ्याकडचं स्थळ चांगलं होतं, मुलगा शाळामास्तर होता. ताई नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. नर्सबाई लग्नाला आली, अक्षता टाकून न जेवता गेली.

मग पाठवणीचा दिवस. तीच गाडी, तोच गार्ड. त्यानं झेंडा गुंडाळून काखेत धरला आणि मोठ्या मायेनं तोंड दुसरीकडे फिरवलं. ड्रायव्हर खाली उतरला. बायका रडायला सज्ज झाल्या. ताई मात्र थेट डब्यात चढली आणि खिडकीशी जाऊन बसली.

"अवं, खाली ये. मायले भेट," मावशी म्हणाली.

"घरी भेटली मी," ताई म्हणाली. मग ती खिडकीतून वाकली. "चाचा, गाडी सोडा. आतमधी कोणाले पुढची गाडी धराची असन."

गार्डानं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "थांब पोरी, इतके लोक आले."

"सोडा, चाचा."

तिचा आवाज चढला नव्हता. गार्डानं काखेतला झेंडा काढून उघडला. ओटीचा नारळ आईच्या हातातच राहिला. डब्यातून एक अनोळखी माणूस बाहेर डोकावून हसला, त्याला बहुतेक खरंच कुठेतरी जायचं होतं. गाडी वेळेवर निघाली.

बायका कुजबुजत होत्या की कशी पोट्टी आहे, डोळ्यात टिप्पूस नाई. बाबा रुळांकडे पाहत उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला त्यांची दया आली नाही.

"एवढी काय घाई होती तिले?" ते म्हणाले.

"आज नव्हती, बाबा," मी म्हणाले.