दुसरी चावी

बाबांची सायकल चोरीला गेलीच नव्हती. ती मी नेऊन टाकली होती. चोरीचा आळ ज्या माणसावर आला, त्याच्याशी बाबा पंचवीसहून जास्त वर्षं बोलले नाहीत, आणि एवढी वर्षं मी गप्प राहिलो. आता हे लिहिताना मन हलकं आहे, कारण सांगायचं होतं ते सांगून झालं आहे.

तो माणूस म्हणजे बाबांचा इंदूरच्या कापड मिलमधला जोडीदार. मी त्यांना काका म्हणायचो. दोघं विणाई खात्यात शेजारशेजारच्या मागांवर काम करायचे. बाबा मराठीत बोलायचे, काका हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं सायकलवर हिंडायला निघत, कधी देवासच्या टेकडीपर्यंत, कधी सिमरोलच्या घाटात. काम काहीच नसे. आठवडाभर उभं राहून काम करणाऱ्याला बसून पाय हलवणं ही चैन आहे, असं बाबा म्हणत.

कधी मलाही नेत. चढावर मी जोर लावला की काका मागून ओरडत, "गाना गा, गाना! गाना टूटा तो समझ ले, पैर नहीं, घमंड चल रहा है." बाबांची शिकवण वेगळी. धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो, तसंच सायकलचं, ते सांगत. "चाकातली हवा जायला लागली की डोक्याच्या आधी बुडाला कळतं. कळलं की थांबायचं. पुढे बघू म्हणायचं नाही."

दोघांची आणखी एक रीत होती. मिलमध्ये कापसाच्या कचऱ्यात पडलेली चावी पुन्हा सापडत नसे. म्हणून सायकल बांधायच्या साखळीच्या कुलपाची दुसरी चावी एकमेकांकडे ठेवलेली. बाबांची दुसरी चावी काकांच्या करगोट्याला बांधलेली असे.

मग मिल बंद झाली. भोंगा थांबला. पेपरात रोज नव्या कंपन्यांच्या बातम्या होत्या आणि आमच्या गल्लीत लोक घरातली भांडी विकायला काढत होते. त्याच सुमारास मला सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. बाबांना सकाळी जायला ठिकाण उरलं नव्हतं. त्यांनी एक शोधून काढलं. रोज जेवणाच्या सुट्टीत ते माझा डबा घेऊन जुनी इंदूर भागातल्या आमच्या घरून सायकल मारत यायचे. अंगात मिलचाच खाकी शर्ट. फाटकाशी उभं राहून घंटी वाजवायचे.

"भिया, तुम्हारी बारात आ गई," ऑफिसातले म्हणायचे. एकाने तर घंटीची नक्कलच बसवली होती. मी बाबांना म्हटलं, "मी डबा सकाळीच नेत जाईन." ते म्हणाले, "गरम खावं माणसानं. आणि मला काय, तेवढंच फिरणं होतं."

एका सकाळी बाबा अंघोळीला गेले असताना मी खिळ्यावरची सायकलची चावी घेतली, बाहेरच्या खांबाला बांधलेली साखळी सोडली आणि चावी परत खिळ्याला लावली. सायकल स्टेशनच्या स्टँडवर नेऊन ठेवली. स्टँडवाल्याने दिलेला बिल्ला गटारात टाकला. डोक्यात एवढंच होतं की आता फाटकाशी घंटी वाजणार नाही.

साखळी आणि कुलूप मात्र खांबालाच लटकत राहिलं. उघडं, न तुटलेलं. बाबांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. खिळ्यावरची चावी पाहिली. तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो आहे.

संध्याकाळी काका आले. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सरळ आरोप केला नाही. एवढंच विचारलं, "तुझ्याकडची चावी कुठे आहे?"

"कमर में है. जहाँ बरसों से है. क्यों?"

"कुलूप तुटलेलं नाही."

काकांनी करगोट्याची गाठ सोडली, चावी काढली आणि ओट्यावर ठेवली. "रख ले. अब दोनों तेरे ही पास." आणि चालते झाले. मी दारात उभा होतो, हातात चहाचा कप. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यायलो.

त्यानंतर बाबांनी सायकल घेतली नाही. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून राहायचे. काका दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, पण बाबा भाजीलाही लांबच्या रस्त्याने जायचे. माझं लग्न झालं, पुढे पलासियात बढतीची नोकरी लागली, जुनंच घर पक्कं बांधून घेतलं. जे लपवलं होतं ते मी मोठ्या चिकाटीने लपवत राहिलो.

पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी गिअरची सायकल घेतली. रविवारी आमचा एक घोळका निघतो. यंदा पहिल्यांदाच सिमरोलचा घाट ठरला. चढावर दम लागला तेव्हा मी नकळत गुणगुणायला लागलो. सूर तुटला की वेग कमी करायचो. मागचा एक जण हसला, "भिया, चढाव पे अंताक्षरी?" अर्ध्या वाटेवर मागचं चाक मऊ वाटलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण मी उतरलो. बोटांनी टायर दाबला, हवा जात होती.

पंक्चर काढेपर्यंत कठड्यावर बसलो. मनात आलं, चाकाचं ज्याला एवढं आधी कळायचं, त्या माणसाला आपल्या जोडीदाराचं कळलं नसेल? आणि मला तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. फक्त मी थांबलो नव्हतो.

घरी आलो. हेल्मेटही न काढता बाबांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्टँड, बिल्ला, चहाचा कप. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मन सांगत होतं, तो नाही. मी कुलपाचं ऐकलं." मग, "माझ्या चपला दे."

दोन गल्ल्या चालणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांना रिक्षात बसवलं आणि मी मागून सायकलवर. घाट चढताना लागला नव्हता एवढा दम त्या दोन गल्ल्यांत लागला. एकदा ब्रेकवर हात गेला. समोर रिक्षात बाबांची पाठ दिसत होती. मी पाय मारत राहिलो.

काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाबांना उतरताना बघून म्हणाले, "इधर कैसे? भाजी का लंबा रास्ता बंद हो गया क्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं, आणि म्हणाले, "तू तो हाँफ रहा है रे. पहले बैठ जा."

मी बसलो नाही. म्हटलं, "काका, सायकल मी नेली होती. बाबांच्याच चावीने. मला बाबांची लाज वाटायची म्हणून. तुम्ही ओट्यावर चावी ठेवलीत तेव्हा मी दारातच उभा होतो आणि गप्प राहिलो. तुमची काही चूक नव्हती. बाबांचीही नव्हती. मला माफ करा."